यंत्राशिवाय ‘एक्स्प्रेसो’ कॉफी : घरी आणि गाड्यावर

लग्नसराईत किंवा वलीम्याच्या दिवशी मंडपाच्या एका कोपऱ्यात फुसफुस आवाज करणारे तांब्या-पितळेचे यंत्र उभे असते. त्याच्याभोवती लहान मुलांपासून वडीलधाऱ्यांपर्यंत सगळ्यांची गर्दी होते. कारागीर भांड्यात दूध, साखर आणि चिमूटभर कॉफी घालतो, वाफेची नळी आत सोडतो, दूध फुगून वर येते आणि कपावर थोडी भुकटी भुरभुरली की झाली ‘एक्स्प्रेसो’. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा या आपल्या गावांत या शब्दाचा अर्थ हाच. ही कॉफी यंत्राशिवाय घरी होईल का, आणि झाली तर तिच्यावर एखादा छोटा धंदा उभा राहील का, या दोन प्रश्नांचा आम्ही या लेखात विचार करणार आहोत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मूळ इटालियन शब्द ‘एस्प्रेसो’ असा आहे. ‘एक्स्प्रेस’ गाडीशी त्याचे नाते आपल्या जिभेने जोडले. दाबून काढलेली, मागणीबरोबर त्याच वेळी बनवलेली, असा त्याचा अर्थ. इटलीत एस्प्रेसो मागितली तर दूध नसलेली, घोटभर, काळी आणि कडू कॉफी एका चिमुकल्या कपात समोर येते. आपल्याकडचा कोणी मुलगा पुण्या-मुंबईच्या कॅफेत जाऊन हौसेने एस्प्रेसो मागवतो आणि कप पाहून चक्रावतो, त्याचे कारण हेच. मंडपातली कॉफी ही खरे तर वाफेने फेसाळलेले दूध आहे, त्यात झटपट विरघळणारी कॉफी घातलेली असते. ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. थंडीच्या रात्री ती झकास लागते. पण दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने ओळखल्या जातात, हे धंदा करणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे.

मग खऱ्या एस्प्रेसोत असते काय? जुने इटालियन माप लक्षात ठेवायला सोपे आहे. सुमारे ७ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, २५ सेकंद वेळ आणि २५ मिलिलिटर पेय. पाणी ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान असते, म्हणजे उकळीच्या थोडे खाली. आणि ते पाणी भुकटीतून ९ बार दाबाने ढकलले जाते, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट. आपल्या घरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा त्यात बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बारच दाब जास्त असतो. यावरून ९ बार म्हणजे काय याची कल्पना यावी. शेगडीवर ठेवायच्या कुठल्याही भांड्यात तेवढा दाब निर्माण होत नाही, आणि करायचा प्रयत्नही करू नये.

दाब नक्की काय देतो?

पुष्कळांची समजूत अशी की दाबामुळे कॉफी कडक होते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे, कारण आमच्या सगळ्या म्हणण्याची किल्ली तिथेच आहे. कॉफीचा कडकपणा मुख्यतः ठरतो तो किती पाण्याला किती भुकटी घातली यावर. एस्प्रेसोत २५ मिलिलिटरला ७ ग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटर पेयामागे २८ ग्रॅम भुकटी लागते. आता दक्षिणेकडच्या घरांत असतो तो दोन मजली साधा स्टीलचा किंवा पितळेचा फिल्टर घ्या. त्यात २५ ग्रॅम भुकटी घालून वरून १५० मिलिलिटर पाणी ओतले, तर भुकटी आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी स्वतःतच धरून ठेवते आणि खाली सुमारे १०० मिलिलिटर अर्क उतरतो. म्हणजे १०० मिलिलिटरमागे २५ ग्रॅम. एस्प्रेसोच्या २८ च्या अगदी जवळ! ना वीज, ना वाफ, ना पंप. पाणी आपल्याच वजनाने खाली झिरपते, एवढेच.

मग लाखाच्या घरातले यंत्र लोक कशासाठी घेतात? दोन गोष्टींसाठी. पहिली म्हणजे वेळ. फिल्टरला जे उतरवायला १५-२० मिनिटे लागतात ते यंत्र २५ सेकंदांत देते. शहरातल्या गर्दीच्या कॅफेत ही २० मिनिटे म्हणजे पैसा आहे. दुसरी म्हणजे पेयावर येणारी सोनेरी-तपकिरी साय, जिला इटालियन लोक ‘क्रेमा’ म्हणतात. ताज्या भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड वायू अडकलेला असतो. जोराच्या दाबाने तो वायू आणि बियांतले तेल पाण्यात मिसळते आणि कपात येताच बारीक फेस बनून वर बसते. ही क्रेमा शेगडीवर होत नाही. ती होते असे सांगून कोणी भांडे विकत असेल तर त्याच्यापासून सावध राहावे.

इतिहासात पाहिले तर खुद्द एस्प्रेसोलाही सुरुवातीची पन्नास-साठ वर्षे क्रेमा नव्हती. तुरिन शहरातल्या अँजेलो मोरिओंडो यांनी १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ साली एकेक कप काढणारे यंत्र बनवले. ती यंत्रे वाफेच्याच दाबावर चालत आणि तो दाब १-२ बारच्या आसपासच असे. अकिले गाज्जा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, स्प्रिंग आणि दांडा यांच्या जोरावर दाब वाढवला, तेव्हा कुठे कपावर क्रेमा दिसू लागली. तेव्हा शेगडीवरची कॉफी ही ‘नकली’ एस्प्रेसो आहे असे मानून संकोच करायचे कारण नाही. बेझेराच्या काळचे गिऱ्हाईक जे पीत होते त्याच्या ती फार लांब नाही.

आणि कॉफीचा प्रवास त्याही मागे नेला तर तो येमेनला जातो. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहता यावे म्हणून ‘कहवा’ पीत. मोखा हे तिथले बंदर. पुढे कॉफीच्या एका जातीला आणि मग एका भांड्यालाही त्याचेच नाव मिळाले. हजहून परतताना बाबा बुदन यांनी सात बिया आणून कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगितली जाते. त्या डोंगराला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. आपल्या देशातल्या कॉफीचा सर्वांत मोठा वाटा आजही कर्नाटकातूनच येतो. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते, पण व्यापाराच्या दृष्टीने ते उत्पादन किरकोळ आहे.

फिल्टरची रीत

घरी सुरुवात करणाऱ्याला आमचा सल्ला फिल्टरचाच आहे. स्वस्त, टिकाऊ, बिघडायला त्यात काही नाही. वरच्या डब्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात २५ ग्रॅम भुकटी घाला आणि डबा हलकेच आपटून ती सारखी करा. दांडीची चकती वरून ठेवून अगदी हलका दाब द्या. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. प्रथम दोन-तीन चमचे पाणी चकतीवरून सोडा, भुकटी भिजू द्या, फुगू द्या. अर्ध्या मिनिटाने बाकीचे पाणी हळूहळू ओता, झाकण लावा आणि भांड्याला हात लावू नका.

पंधरा-वीस मिनिटांत अर्क उतरायला हवा. पाच मिनिटांतच सगळे पाणी खाली आले तर भुकटी जाड आहे किंवा दाब कमी पडला. असा अर्क पातळ आणि आंबूस लागतो. अर्धा तास झाला तरी पाणी वरच असेल तर भुकटी फार बारीक आहे, जास्त दाबली आहे किंवा छिद्रे बुजली आहेत. छिद्रे बुजणे हा फिल्टरचा नेहमीचा आजार. रोज नुसत्या गरम पाण्याने आणि ब्रशने धुवा, आठ-पंधरा दिवसांनी उजेडाकडे धरून पाहा, बुजलेले छिद्र सुईने मोकळे करा. बोअरचे जड पाणी असेल तर क्षार साचतात. त्याला पातळ व्हिनेगर किंवा लिंबाचे पाणी चालते.

अर्क कधीही उकळू नये. उकळला की सुगंध उडतो आणि नुसता कडवटपणा उरतो. गार झाला असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावा. अर्क त्याच दिवशी संपवावा. त्याच भुकटीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेला अर्क घरात पिण्यापुरता ठीक, गिऱ्हाइकाला देऊ नये.

फिल्टर नसेल तर हेच प्रमाण ठेवून, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात भुकटी घालावी, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटे थांबावे आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळावे. फडके पिळू नये, पिळले की गाळ खाली येतो.

मोका पॉट

आता बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत ‘मोका पॉट’ नावाचे अॅल्युमिनियमचे किंवा स्टीलचे भांडे सर्रास मिळते. इटलीत १९३३ साली अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून ते प्रथम बाहेर पडले. खालच्या भागात पाणी, मध्ये भुकटी, वर रिकामी किटली. पाणी तापले की वाफेच्या दाबाने ते भुकटीतून वर चढते. तीन कपांच्या भांड्यात साधारण १५ ग्रॅम भुकटी बसते आणि १०० ते १२० मिलिलिटर कॉफी मिळते. म्हणजे कडकपणात ती फिल्टरच्या अर्कापेक्षा बरीच सौम्य, पण पाच-सात मिनिटांत तयार होते आणि चवीला भाजकी, ठसकेदार असते.

हे भांडे वापरताना लोक तीन ठिकाणी चुकतात. पाणी झडपेच्या वरपर्यंत भरतात. ती झडप सुरक्षेसाठी आहे, पाणी नेहमी तिच्या खाली असावे. दुसरे, भुकटी दाबून ठासतात. इथे ठासायचे नाही, नुसती सपाट करायची, नाहीतर पाण्याची वाट अडते. तिसरे, मोठ्या बर्नरवर मोठी आच देतात. आपल्या गॅसच्या शेगडीवर एवढे छोटे भांडे नीट बसतही नाही. वर लोखंडी जाळी ठेवावी आणि छोट्या बर्नरवर मंद आच द्यावी. आधीच गरम केलेले पाणी खाली भरले तर कॉफी करपत नाही, मात्र भाग जुळवताना फडक्याने धरावे. वरच्या किटलीत घुरघुर आवाज सुरू झाला की लगेच खाली उतरवावे. शेवटची ती घुरघुर म्हणजे नुसती वाफ आणि कडू पाणी असते. अॅल्युमिनियमचे भांडे इंडक्शन शेगडीवर चालत नाही, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

फेटलेली कॉफी

आपल्याकडच्या घरांत पाहुण्यांसाठी केली जाते ती तिसरी रीत. झटपट कॉफी दोन चमचे, साखर दोन चमचे आणि गरम पाणी जेमतेम दोन चमचे. वाटीत चमच्याने घोटत बसायचे. काळपट लगदा आधी तपकिरी, मग बदामी होतो आणि फुगतो. हे मिश्रण चार कपांना पुरते. कपात एकेक चमचा घालून वरून गरम दुधाची धार सोडली की फेस आपोआप वर येतो. २०२० च्या टाळेबंदीत ‘डालगोना’ या कोरियन नावाने हीच वस्तू जगभर गाजली, तेव्हा आपल्याकडच्या भगिनींना हसू आले असेल. साखरेमुळे मिश्रण घट्ट होते आणि हवेचे बुडबुडे त्यात टिकून राहतात. म्हणून साखर कमी केली की फेसही कमी होतो. दळलेल्या फिल्टर कॉफीची भुकटी अशी फेटता येत नाही, कारण ती विरघळतच नाही. हा फेस म्हणजे क्रेमा नव्हे, पण मंडपातल्या कॉफीची ज्याला आठवण येते त्याला हवे असते ते हेच.

दुधाचा फेस

निम्मी लढाई दुधावर असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्यामुळे कॉफी दाट आणि गोडसर लागते. मात्र साय राहिली तर कपात तंतू तरंगतात, म्हणून दूध आधी उकळून, गार करून, साय काढून ठेवावे. देताना पुन्हा गरम करायचे ते ६०-६५ अंशांपर्यंतच. थर्मामीटर नसेल तर खूण सांगतो. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतात, वाफ येते, आणि भांड्याच्या बाहेरून बोट क्षणभरच टेकवता येते. उकळत्या दुधाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि लगेच बसतो.

फेस करायला आपल्या घरातली रवी उत्तम. पातेले तिरके धरून दोन्ही तळव्यांत रवी मिनिटभर फिरवली की दूध दीडपट होते. दोन भांडी घेऊन हातभर उंचीवरून दूध या भांड्यातून त्या भांड्यात ओतणे ही दक्षिणेतली रीत. तीही चांगली, आणि गाड्यावर गिऱ्हाईक ते पाहायला थांबते. सेलवर चालणारी छोटी रवी आता मिळते, ती घरच्या चार कपांना ठीक आहे. गरम दूध झाकणबंद बरणीत हलवू नये आणि मिक्सरच्या बंद भांड्यात तर अजिबात फिरवू नये. आतली हवा तापून फुगते, झाकण उडते आणि तोंड-हात भाजतात.

इथेच कुकरबद्दल बोलणे भाग आहे. कुकरची शिट्टी काढून तिथे नळी बसवायची आणि तिच्या वाफेने दूध फेसाळायचे, अशी जोडणी काही फिरते विक्रेते करतात. आपले कारागीर बांधव हुशार आहेत, असे काही पाहिले की दोन तासांत तसेच बनवून देतील. आमची त्यांना कळकळीची विनंती आहे की हे काम घेऊ नये. कुकरची शिट्टी ही दाब मर्यादेत ठेवणारे वजन आहे. तिच्या जागी तोटी बसवली आणि ती बंद राहिली, किंवा नळीत दुधाचा थर बसून ती बुजली, तर दाब वाढतच जातो आणि सगळा भार त्या एका छोट्या सुरक्षा झडपेवर येतो. ती झडप जुनी, कडक झालेली असेल तर पुढे काय होते ते सांगायला नको. गर्दीच्या यात्रेत, आजूबाजूला मुले उभी असताना, एक कप कॉफीसाठी ही जोखीम कोणी घ्यावी? घरी वेल्डिंग करून वाफेची टाकी बनवणे तर त्याहून वाईट. ज्याला वाफच हवी त्याने सुरक्षा झडप आणि दाबाचे घड्याळ असलेले तयार यंत्र भाड्याने घ्यावे.

भुकटी कोणती घ्यावी

आपल्या जिल्ह्यात कॉफी पिकत नाही आणि चहाच्या मानाने खपही कमी. किराणा दुकानात मिळतात त्या बहुतेक झटपट कॉफीच्या पुड्या आणि बाटल्या. दळलेली कॉफी सुरतहून, नाशिकहून किंवा मुंबईच्या माटुंग्यातून आणवावी लागते. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गामुळे सुरतेचे येणे-जाणे आपल्या व्यापाऱ्यांना नवे नाही. मात्र एकदम मोठा साठा करू नये. दळलेल्या कॉफीचा सुगंध उघड्यावर काही दिवसांतच उतरतो. हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावी. नंदुरबारच्या मिरचीच्या हंगामात तर ही सूचना दोनदा वाचावी!

अरेबिका जातीची कॉफी सुगंधी आणि सौम्य, रोबस्टा कडक आणि स्वस्त. रोबस्टात कॅफीन जवळजवळ दुप्पट असते. भरपूर दूध घालून प्यायच्या कॉफीला रोबस्टाचा वाटा असलेली भुकटीच चांगली, नुसती अरेबिका दुधात हरवते. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी. तिने रंग गडद होतो, अर्क दाट होतो आणि भाव उतरतो. ती भेसळ नव्हे, पण तिचे प्रमाण पाकिटावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे आणि कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे. म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय भावाची तुलना करू नये. ४९ टक्के चिकोरीचे पाकीट स्वस्त दिसणारच. स्वतः सुटी भुकटी मिसळून विकण्याचा विचार असेल तर आधी अन्न खात्याचे नियम समजून घ्यावेत.

हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. एक कप म्हणजे ४० मिलिलिटर अर्क आणि ९० मिलिलिटर फेसाळ दूध असे धरू. ४० मिलिलिटर अर्काला १० ग्रॅम भुकटी लागते. पुढचे भाव केवळ समजायला सोपे जावेत म्हणून धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून बेरीज करावी. समजा भुकटी किलोला ८०० रुपये, तर कपामागे ८ रुपये. दूध लिटरला ६० रुपये, तर ५ रुपये ४० पैसे. साखर ८ ग्रॅम, किलोला ४५ रुपये धरून ३६ पैसे. गॅस आणि कागदी कप मिळून २ रुपये. एकूण १५ रुपये ७६ पैसे. फेटलेल्या कॉफीत समजा ५० ग्रॅमची बाटली २०० रुपयांना पडली, तर कपाला लागणाऱ्या २ ग्रॅमचे ८ रुपये, दूध १२० मिलिलिटर म्हणजे ७ रुपये २० पैसे, साखर थोडी जास्त, ४५ पैसे, वर तेच २ रुपये. १७ रुपये ६५ पैसे झाले. म्हणजे ‘झटपट’ कॉफी स्वस्त पडते ही समजूत दर वेळी खरी ठरत नाही. वर फेटायची मेहनत वेगळी.

यात सांडलवंड, उरलेले दूध, जागेचे भाडे आणि स्वतःची मजुरी धरलेली नाही. नवा धंदा सुरू करणारे नेमकी मजुरीच विसरतात, आणि चार महिन्यांनी ‘विक्री तर होते, पण हाती काही राहत नाही’ असे म्हणतात. २० रुपयांना कप विकून वरच्या हिशेबात फिल्टर कॉफीला सव्वाचार रुपये राहतात. दिवसाला पन्नास कप खपले तर किती, हे ज्याने त्याने मांडून पाहावे आणि मगच गाडा विकत घ्यावा.

आपल्या भागात रोजचे गिऱ्हाईक चहाचेच आहे. त्याला कॉफीकडे वळवण्याच्या भानगडीत पडू नये. कॉफीला मोसम आहे. लग्नसराई, रमजानमध्ये तरावीहनंतरची वर्दळ आणि थंडीतल्या यात्रा. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजाराला दूरदूरच्या प्रांतांतून व्यापारी येतात आणि डिसेंबरच्या रात्री घोड्यांजवळ मुक्काम करतात. अशा ठिकाणी वीज लागणारे यंत्र अडचणीचे, तर फिल्टरचा अर्क सोयीचा. १०० कपांसाठी १ किलो भुकटी, ६ लिटर पाणी आणि ९ लिटर दूध असे माप धरावे. अर्क ४ लिटर उतरेल. तो संध्याकाळी ताजा काढून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवला की रात्रभर फक्त दूध गरम करायचे काम उरते. यंत्र जी २० मिनिटे वाचवते ती इथे आधीच खर्ची पडलेली असतात, गिऱ्हाइकाला थांबावे लागत नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या गाड्यालाही नोंदणी लागते, ती आधी करून घ्यावी.

फलकावर काय लिहावे? आमच्या मते ‘फिल्टर कॉफी’ किंवा ‘फेसाळ कॉफी’. ‘एक्स्प्रेसो’ लिहिले तर गावच्या माणसाला मंडपातली कॉफी अपेक्षित असते आणि सुरतेहून आलेल्याला काळी. दोघांपैकी एक जण नाराज होणार. चांगल्या मालाला उसने नाव कशाला?

कारागिरांसाठीही इथे थोडे काम आहे. पितळी फिल्टरला आतून कल्हई हवी, कारण कॉफी आंबट गुणाची असते. कल्हई शुद्ध कथलाचीच करावी, शिसे मिसळलेली नको. हॉटेलसाठी चार-पाच लिटरचा फिल्टर लागतो. तो स्टेनलेस पत्र्यातून बनवता येईल. एकावर एक बसणारे दोन डबे आणि वरच्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढी सारखी छिद्रे. सांधे आर्गन वेल्डिंगने करावेत, शिशाच्या डागाने कधीही नाही. छिद्रांच्या कडा आतून घासून गुळगुळीत केल्या नाहीत तर भुकटी अडकते आणि पहिल्याच आठवड्यात माल परत येतो. छोट्या बर्नरवर मोका पॉट नीट बसेल अशी लोखंडी जाळी आणि कातारी कामातली लहान दांडीची रवी या दोन वस्तूही बनवून पाहण्यासारख्या आहेत. रवीला सागवान किंवा शिसव घ्यावे, रंग वा पॉलिश लावू नये. पहिला नमुना घरच्याच दुधावर आठवडाभर वापरून पाहावा, मग दुकानात ठेवावा.